विरूपाक्षाचं शेवटचं झाकणचित्र

६ जानेवारी १९५२, रविवार
कोपरी, ठाणे

घर लागलं! म्हणजे स्वयंपाकघर लागलं, ट्रंका अजून पुढच्या खोलीभर पसरल्या आहेत. पण सकाळी नव्या शेगडीवर पहिला चहा केला, गॅलरीत उभ्यानेच प्याले, आणि मनात आलं, हे आता माझं.

वरचा मजला आमचा, खाली मालकीणबाई शेवंतीकाकू. गॅलरीतून पूर्वेला मिठागरं दिसतात. उन्हात मिठाचे ढीग इतके पांढरे चमकत होते की मी ह्यांना विचारलं, ते तंबू कुणाचे? हे म्हणाले, सर्कस आली आहे, तुला सिंहाच्या पिंजऱ्यात बसवू. दिवसभर त्यावरून चिडवणं चाललं आहे. (हे म्हणजे सुधीर. इथं कुणी ऐकत नाही, म्हणून एकदा नाव लिहून टाकते.) बदली साताऱ्याहून ठाण्याच्या कचेरीत झाली, बढतीही मिळाली. मला मात्र साताऱ्याची ती खोली मागं पडल्याचाच आनंद जास्त आहे. दोन्ही वेळा जे झालं ते त्याच खोलीत झालं. आता हा सातवा महिना लागतो आहे. आधीची दोन्ही बाळं सातव्यापर्यंत पोचली नव्हती.

शेवंतीकाकू दाताला मिश्री लावत वर आल्या, माझ्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाल्या, गो बाय, पोराचं काय पण नवीन करू नको हां आधी. टोपडं नाय, झबलं नाय. मी म्हटलं, काकू, नाही करणार. आधी दोनदा मी टोपडी शिवली होती. दोन्ही ट्रंकेच्या तळाशी आहेत. ह्या खेपेला सुई हातात धरायची नाही, असं मीच ठरवून आले आहे.

११ जानेवारी, शुक्रवार

गंमत झाली. फडताळाच्या खालच्या कप्प्यात आधीच्या बिऱ्हाडानं जुनी वर्तमानपत्रं अंथरली होती. धुवायला म्हणून ती ओढली, तर खालून तळहाताएवढं रंगीत कार्ड निघालं. मिशाळ माणूस, छातीवर बिल्ले, मनगटांत नि घोट्यांत बेड्या, एक भुवई वर चढलेली. खाली छापलं होतं, 'प्रोफेसर विरूपाक्ष! सुटतील का?' नखानं वरची कड उचलली, तर ते चित्र दारासारखं उघडलं! आत तोच माणूस हात पसरून हसत उभा, बेड्या पायाशी पडलेल्या. मी एकटीच बसून झाकण उघडत होते, लावत होते. लावलं की अडकला, उघडलं की सुटला.

हे कचेरीतून आले आणि ते पाहून बूटही न काढता खाली बसले. अगं, झाकणचित्र! ह्यांच्या लहानपणी डोंबिवलीत 'फुलबाजी' नावाचं विनोदी चित्रांचं साप्ताहिक यायचं. त्यात एक सुटं झाकणचित्र घातलेलं असायचं. पोरं चित्र काढून घ्यायची आणि अंक वडिलांना द्यायची. प्रोफेसर विरूपाक्ष खराखुरा होता, त्याचे खेळ गावोगाव चालायचे. त्याला बांधायचे, पोत्यात घालायचे, पिंपात कोंबायचे, नि तो सुटायचा. सुटण्याआधी आतून तीनदा टकटक करायचा. ह्यांनी सासऱ्यांच्या खांद्यावर बसून ती टकटक ऐकली आहे. हे म्हणाले, पहिल्या टकटकीला लोक गप्प व्हायचे, दुसरीला बायका पदर तोंडाशी धरायच्या, आणि तिसरी झाली की तो बाहेर. ह्यांच्याकडे सगळी चित्रं होती. शेवटचं, पेटीचं, जाहीर झालं होतं, ते मात्र आलंच नाही. साप्ताहिकच बंद पडलं. बाकीची पुढं एका पुरात गेली.

मला कल्पना सुचली. बाळासाठी चिकटवही करायची, ह्या चित्रांची. काकूंनी शिवायचं नाही म्हटलंय, विणायचं नाही म्हटलंय. चिकटवायला कुणी मनाई केलेली नाही.

१५ जानेवारी, मंगळवार

संक्रांतीचं हळदीकुंकू उरकलं आणि आज टेंभी नाक्यावर पोपटशेठच्या रद्दीच्या दुकानात गेलो. पोपटशेठ म्हणाला, वहिनी, लोक माझी रद्दी पुड्या बांधायला नेतात, हातात घेऊन हसणाऱ्या तुम्हीच पहिल्या. मग ह्यांच्याकडे वळून, काय साहेब, कचेरीत सांगू का तुमच्या, की साहेब इथं गठ्ठ्यात डोकं घालून बाहुल्या शोधतात? हे धुळीनं पांढरे झाले होते, पण ऐकतील तर शपथ. भिंतींवर निवडणुकीची चिन्हं अजून रंगवलेली आहेत. त्यांच्याखाली मी स्टुलावर बसले होते, आणि हे एकेक चित्र सापडलं की लहान मुलासारखे ओरडत होते. पोत्यातला, साखळदंडातला, पिंजऱ्यातला, पिंपातला. आम्ही निघताना पोपटशेठनं सांगितलं, हा गठ्ठा कल्याणच्या पाठाऱ्यांकडचा. तेच तर काढायचे ही चित्रं. आहेत अजून, डोळे गेले आहेत बिचाऱ्यांचे.

घरी येऊन चिकटवही केली. काळ्या जाड कागदाची पानं, वर जुन्या खणाचं कापड. कार्डांच्या पाठी खळ लावून बसवली, झाकणं मोकळी. बाळ आत मजेत हात-पाय मारत होतं. मी त्याला एकेक चित्र वाचून दाखवलं.

२७ जानेवारी, रविवार

आज कल्याणला जाऊन आलो. पारनाक्याजवळ गुरुदत्त पाठारे राहतात. सत्तरीचे असतील, डोळ्यांना जाड काचा, बोटांवर अजून रंगाचे जुने डाग. ह्यांनी चित्रांची नावं घेतली तसे खुलले. पिंजऱ्याचे गज म्हणे त्यांनी स्वतःच्या पोपटाच्या पिंजऱ्यावरून काढले होते.

पेटीचं झाकणचित्र भिंतीवर खिळ्याला होतं. झाकण उघडून टाचणीनं मागं टोचून ठेवलेलं. आत कोरा कागद, पिवळा पडलेला. मी विचारलं, आतलं चित्र कुठं? त्यांनी टाचणी चाचपून पाहिली. मग सांगितलं. शेवटचा खेळ इथंच, खाडीच्या काठी झाला. त्याला पेटीत घातलं, बाहेरून कुलूप, दोरखंड, आणि पेटी पाण्यात. टकटक झाली, काठावरच्या सगळ्यांनी ऐकली. तीन. पेटी वर काढली तर कुलूप शाबूत, गाठी शाबूत. उघडली तर रिकामी. लोकांनी टाळ्या पिटल्या! आता हा गर्दीच्या मागून हसत येणार म्हणून सगळे माना वळवून बघत राहिले. ऊन कललं, तरी बघत होते. मग एकेक घरी गेले. झाकण आधीच छापून तयार होतं, आतलं चित्र खेळ बघून काढायचं होतं. पाठारे म्हणाले, कुठून बाहेर आला ते कळल्याशिवाय मी काय काढणार हो?

आधी ते चित्र द्यायला राजी होते. मी उठून उभी राहिले, तेव्हा त्यांचं लक्ष माझ्या पोटाकडे गेलं, आणि त्यांनी ते परत हातात घेतलं. हे अगदी काकुळतीला आले. दहा वर्षांचा असल्यापासून वाट बघतोय म्हणाले. शेवटी दिलं. जिन्यापर्यंत पोचवायला आले आणि मला म्हणाले, झाकण उघडंच ठेवत जा हं. मी समजले, कागद मोडेल म्हणून.

८ फेब्रुवारी, शुक्रवार

चिकटवही पूर्ण झाली म्हणून ह्यांनी बासुंदी आणवली.

एक चमत्कारिक गोष्ट आहे. जेवणं झाली की मी वही मिटून, वर इस्त्री ठेवून आडवी होते. उठते तेव्हा इस्त्री बाजूला, वही उघडी, आणि पानापानावरची झाकणं उभी राहिलेली, जशी चाळीत एकदम सगळ्यांनी दारं उघडावीत. हे म्हणतात, खाडीची दमट हवा, कागद वळतो. इस्त्री मग मीच झोपेत सारली असेन.

पण वाईट काही नाही. उलट ह्या दिवसांत सगळं कसं हलकं आहे. ट्रंकेचं गंजलेलं कुलूप, जे साताऱ्याला ह्यांनी हातोडीनं ठोकूनही उघडलं नव्हतं, ते परवा किल्ली लावताच फिरलं. लोणच्याच्या बरणीचं झाकण नुसत्या बोटानं सुटतं. म्युनिसिपालिटीच्या दवाखान्यातल्या शीला नर्स तपासून गेल्या. मूल छान, ठोके छान. अशी मोकळी गर्भारशी बघायला मिळत नाही म्हणाल्या. ह्यांनी आतल्या खोलीत जाऊन डोळे पुसले, मला दिसलं.

१९ फेब्रुवारी, मंगळवार

पेटीच्या चित्रात, आतल्या कोऱ्या जागेवर डाग पडला आहे. बोटाच्या पेराएवढा, उभा. हात लावला तर ओला लागला. वास घेतला. खाडीचा वास.

हे म्हणाले, खळ झिरपली असेल.

२३ फेब्रुवारी, शनिवार

डाग वाढला आहे. वर गोल, खाली लांबट. दोन्ही बाजूंना बारीक रेघा फुटल्या आहेत, पसरलेल्या हातांसारख्या. मी झाकण लावते. उठते तेव्हा ते उघडं असतं, आणि तो जरासा जवळ आलेला असतो. जवळ म्हणजे मोठा, असं लिहायला हवं. पण मला जवळच वाटतो.

काकू सांगून गेल्या, सोमवारी अमावस, त्यात गिराण. पोटुशीनं गिराण पाळायचं. चिरायचं नाय, कापायचं नाय, शिवायचं नाय, गाठ मारायची नाय, पाय मुडपून बसायचं नाय. हे हसले. मी हसले नाही. दोनदा हात पोळले आहेत माझे, आता सांगतील ते सगळं करणार.

२५ फेब्रुवारी, सोमवार

ग्रहण दुपारी लागलं. हे कचेरीत. काकू खाली जप करत होत्या. मी दारं-खिडक्या लावून खोलीत पाय लांब करून बसले. फटीतून येणारं ऊन राखेसारखं झालं. मिठागरांकडून बगळ्यांचा आवाज यायचा तो थांबला.

वही समोर होती. मी लावलेलं पेटीचं झाकण माझ्या डोळ्यांदेखत हललं. कड उचलली गेली, जशी आतून कुणी बोटानं रेटावी.

मी फार घाबरले. उठून सकाळची खळ आणली, झुरळं लागू नयेत म्हणून मोरचूद घालून शिजवलेली. आधी पेटीचं झाकण चिकटवलं. मग म्हटलं, सगळीच चिकटवू. बाळाच्या हातात वही जाईल तेव्हा ओढून फाडेल, त्यापेक्षा बरं. असं मनाशी म्हटलं खरं. एकेक कड दाबून बसवली. बेड्यांतला, पोत्यातला, पिंपातला. कापलं नाही, शिवलं नाही, गाठ मारली नाही. चिकटवू नको असं काकू म्हणाल्या नव्हत्या.

ग्रहण सुटलं. अंघोळ करून आमसुली रंगाचं लुगडं नेसले. वही मिटलेलीच आहे. किती दिवसांनी शांत वाटतंय.

२ मार्च, रविवार

वही मिटलेली असते. छान झोप लागते.

लोणच्याची बरणी उघडेना. ह्यांनी फडकं धरून जोर केला, मग गरम पाण्यात धरली, शेवटी गळा फुटला. सगळा खार ओट्यावर सांडला. मोरीची खिडकीही फुगून बसली आहे.

१२ मार्च, बुधवार

आज धुळवड. गल्लीत पोरांचा गोंधळ. काल काकूंनी मोगऱ्याच्या कळ्यांचा द्रोण दिला होता. अर्ध्या त्यांच्या देवापुढे ठेवल्या, अर्ध्या मी वर आणून पाण्यात घातल्या. कालच्या रात्रीत त्यांच्या सगळ्या फुलल्या. माझ्या तशाच होत्या, घट्ट. एक नखानं सोडवायला गेले तर पाकळ्या एकमेकींना धरून होत्या, तुटल्या पण सुटल्या नाहीत.

बाळ कमी हलतं. शीला नर्स म्हणाल्या, आता जागा कमी पडते ना हो त्याला, म्हणून. डोकं खाली आलंय, सगळं जिथल्या तिथं आहे.

मग मी असं का लिहायला बसले आहे?

२१ मार्च, शुक्रवार

दुपारी टकटक झाली.

आधी वाटलं, काकू खालून छताला काठी लावताहेत. मग कळलं, फडताळातून येते आहे. वहीतून. तीनदा. थांबून पुन्हा तीनदा. जोराची नव्हती. दार वाजवताना घरातलं माणूस झोपलं असेल म्हणून जपून वाजवावं, तशी.

ह्यांना सांगितलं. ह्यांनी वहीला कान लावला, डोळे मोठे करून म्हणाले, प्रोफेसर म्हणताहेत चहा टाका. मी रडले. मग हे परत हसले नाहीत.

२६ मार्च, बुधवार

पाडवा. शीला नर्सनी पाडव्याचाच अंदाज दिला होता. कळा नाहीत.

ह्यांनी गुढी उभारली. संध्याकाळी उतरवताना गाठ सुटेना. सकाळी ह्यांनीच बांधलेली साधी सुरगाठ. दातांनी ओढली. काकू वर आल्या, त्यांनी प्रयत्न केला. दिवस मावळायच्या आत उतरवायला हवी, म्हणून शेवटी सुताला विळी लावली. काकूंचा चेहरा उतरला. पाडव्याची गुढी कापून काढलेली त्यांनी बघितली नव्हती.

वेणी घालते ती सुटत नाही. आज आठवडा झाला, तीच वेणी आहे.

२ एप्रिल, बुधवार

नाही. अजून नाही.

काकू आज माझ्यासमोर बसल्या आणि म्हणाल्या, गो बाय, खरं सांग. गिराणात काय केलंस? म्हटलं, काही नाही. कापलं नाही, शिवलं नाही. त्या म्हणाल्या, हाताला चाळा काय होता मग? मी सांगितलं, चिकटवलं.

त्यांनी मिश्रीची डबी खाली ठेवली. वही मागितली. पानं उलटली. त्यांना वाचता येत नाही, पण सगळीकडे बांधलेला माणूस बघून समजल्या. म्हणाल्या, बाळंतपणात आम्ही घरातली कुलपं काढतो, गाठी सोडतो, पेटारे उघडतो, गोठ्यातलं वासरू पण सोडतो. सगळं मोकळं, तर बाई मोकळी. आणि तू गो, नवव्याच्या तोंडावर ह्या माणसाला कोंडून ठेवलंस?

मला माहीत होतं की. माझी आईसुद्धा शेजारी कुणी अडली की कपाटं उघडायची. मला माहीत होतं. कागदाचं मनात आलं नाही.

३ एप्रिल, गुरुवार

किटलीच्या वाफेवर धरून झाकणं सोडवायला बसलो, हे, मी, काकू. खळ सुटत नाही. मोरचूद घातलेली, दगड झाली आहे. नख घातलं की झाकणाबरोबर आतलं चित्रही सोलून येतं. बेड्यांतला फाटला. आत पांढरी खूण राहिली, हात पसरलेल्या माणसाच्या आकाराची. पोत्यातला फाटला. आत पांढरा माणूस. पिंजऱ्यातला. पिंपातला. सगळीकडे पांढरा. जिथं सुटलेला उभा असायचा, तिथून तो निघून गेलेला.

काकू म्हणाल्या, कुठं गेला हा?

वहीत एकच झाकण उरलं होतं. त्यातून टकटक झाली. ह्या वेळी तिघांनी ऐकली. किटली ह्यांच्या हातातून पडली.

काकूंनी वही मिटली. हे नको उघडू, म्हणाल्या. हा पाण्यातून आलेला आहे. किती वर्षं झाली. आता कोण आहे काय ठाव.

५ एप्रिल, शनिवार

ह्यांनी वही खाडीत टाकायला नेली. परत आले. हातात वहीच. गाठोड्याची गाठ सुटेना, आणि गाठोडं बोटांतून सुटेना. मी एकेक बोट हलके हलके सोडवलं. त्यांचे हात गार होते. मला म्हणाले, शुभदा, मीच मागून आणलं गं ते.

बाळ आज एकदाच हललं.

७ एप्रिल, सोमवार

कळा सुरू. मग थांबल्या. मग सुरू. शीला नर्स म्हणाल्या, वाट उघडलीच नाही, बोटभरसुद्धा नाही. त्या नेहमी थट्टा करतात, आज केली नाही. उद्या मुंबईच्या मोठ्या इस्पितळात न्यायचं. मोटार सांगितली आहे.

काकूंनी घरभर कुलपं काढायला घेतली. एकही निघालं नाही.

ट्रंकेच्या तळाशी टोपडी आहेत. दोन्ही. ट्रंक उघडत नाही.

८ एप्रिल, मंगळवार. सकाळ

मोटार दारात. काकू पाणी आणायला खाली गेल्या, हे सामान ठेवायला. वाऱ्यानं दार लोटलं गेलं. कडी लावलेली नाही. तरी उघडत नाही.

हे बाहेरून धडका देताहेत. सुताराला बोलवा म्हणून कुणी ओरडतंय. शीला नर्स दाराच्या फटीशी तोंड लावून सांगताहेत, श्वास घ्या, शुभदाताई, झोपून राहा, आम्ही आलोच.

लिहिलं की भीती जरा मागं सरते. म्हणून लिहिते—

बाळ काल रात्रीपासून हललं नाही.

दुपार असावी

करवतीचा आवाज. सुतार म्हणतो, पातं चालतंय पण लाकूड पुन्हा मिळून येतंय. हे त्याच्यावर ओरडले. मग रडले. ह्यांना असं रडताना मी दोनदाच ऐकलं आहे. त्या खोलीत. दोन्ही वेळा.

वही उशाशी. फडताळात होती. मी आणली नाही—

टकटक. तीन. थांबून, तीन.

काकू फटीतून ओरडतात, बाय, हात लावू नको त्याला. ऐकतंस ना? हात लावू नको—

झाकणावरची पेटी ओली आहे. कडेनं पाणी येतंय. खारं.

विचार करते आहे. नीट विचार करते. बंद ठेवलं तर हा आत राहील. आणि माझं आत राहील. दोघंही. मग ह्यांना पुन्हा तेच— पांढरं कापड, लहानसं, आणि कचेरीत दोन दिवसांची रजा—

उघडलं तर—

कुठून बाहेर यायचं ते ह्याला कळलंच नव्हतं. एवढ्या वर्षांत कुणी दार दिलं नाही. सगळे माना वळवून बघत राहिले नि घरी गेले. आणि ह्या घरात आता उघडायचं राहिलेलं एकच दार आहे. मला कळतंय. मी वेडी नाही. मला सगळं कळतंय.

किती जपून वाजवतो आहे.

कड धरली. खळ सुटते आहे. फाटत नाही. आपसूक, मऊ—

कुणीही असलास तरी ये. ऐकलंस का? कुणीही असलास तरी. मी धरीन—

उघडलं.

कोरं. कोरडं. डाग नाही. आत कुणीच नाही.

वेणी सुटली. ट्रंकेचं झाकण वर आलं, आपोआप. खिडकी— मोरीची खिडकी— कळ्या, त्या सुकलेल्या— दार उघडतंय, हे, ह्यांचा चेहरा—

बाळ हललं! हललं, देवा, हललं. आतून. थांबून थांबून. जपून.

एकदा.

दोनदा.

ति